गळ अडकला म्हणून पाण्यात उतरू नका



आज पिकाचे बोलणे बाजूला ठेवू या आणि गळाचे बोलू या. गळ म्हटले की घरातल्या पोरांच्या डोळ्यांपुढे मासे धरायचा आकडा येतो. आजीच्या डोळ्यांपुढे मात्र विहिरीत पडलेली घागर काढायचा लोखंडी गळ येतो. नाव एकच, पण एक पाण्यात जाऊन धरतो आणि दुसरा पाण्यात गेलेले परत आणतो. पहिला गळ आता गावोगाव झाला आहे. दुसरा माळ्यावर गंजत पडला आहे. मे महिन्याची सुट्टी तोंडावर आली आहे, पोरे पाण्याकडे धावणार, म्हणून हे आताच सांगतो.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट आहे. गावाचे नाव सांगत नाही, कारण त्या घरी हा अंक जातो. त्यांच्या रानात प्लॅस्टिकचा कागद अंथरलेले शेततळे आहे. ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल. २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' ही योजना आली, त्यानंतर त्या घराला तळे घ्यायला मीच सांगितले होते. आखणीच्या दिवशी मी उभा होतो. पुढे कटला, रोहू, मृगळ यांचे बीज सोडा, चार पैसे सुटतील, हेही माझेच सांगणे. मासे चांगले पोसले. घरातला आठवीतला मुलगा सुट्टीत काठावर गळ टाकून बसू लागला.

त्या दिवशी त्याच्या मामाने शहरातून नवे आमिष आणले होते. प्लॅस्टिकचा रंगीत मासा, पोटाखाली तीन-तीन तोंडांचे दोन गळ. किंमत अडीचशे रुपये. तिसऱ्या-चौथ्या फेकीलाच तो तळात कशाला तरी अडकला. पोराने ओढले, झटके दिले, सुटेना. मामा काय म्हणेल या धास्तीने त्याने सदरा काढला आणि तो कागदावरून खाली उतरला. कागदावर शेवाळ होते. दोन पावलांत पाय निसटला आणि पोरगा पाण्यात गेला.

त्याला पोहता येत होते. विहिरीत उड्या मारून शिकलेला पोरगा. पण काठाला आला की कागदावर हात टिकेना, गुडघा टिकेना. वर चढायचा, घसरायचा, पुन्हा चढायचा. त्यात तंगुसाचा दोरा पायाला गुंडाळला गेला. आजी शेजारच्या वावरात कापूस वेचत होती. तिने हाक ऐकली, ओटीतला कापूस तिथेच टाकला, गोठ्यातून बैलाचा कासरा ओढून आणला आणि काठावरून फेकला. सुनेने मागून तिच्या कमरेला धरले. दोघींनी मिळून पोराला वर घेतले.

आठ दिवसांनी मी त्या घरी गेलो. चहाचा कप पुढे करत आजी म्हणाली, "साहेब, तळं किती खोल खणायचं ते सांगितलंत. मासं कवा सोडायचं ते बी सांगितलंत. पोरगं पडलं तर वर कसं यायचं, तेवढं सांगायचं राहिलं तुमचं."

मला उत्तर सुचले नाही. तीस वर्षे शेतकऱ्यांना सांगत फिरतो आहे. कुंपण करा, एवढे मी त्यांना म्हणालो होतो. दोराचे एक अक्षर बोललो नव्हतो. ती चूक माझी. तिची थोडी भरपाई म्हणून हा लेख.

आधी दोर, मग गळ

विहिरीला कपार असते, पायऱ्या असतात, धरायला दगड असतो. नदीला काठ असतो. कागदाच्या तळ्याला यातले काहीच नाही. ओला कागद साबण लावल्यासारखा असतो. पट्टीचा पोहणाराही तिथे बाहेर निघू शकत नाही. दहा फूट पाण्यात तो बुडतो तो पोहता येत नाही म्हणून नव्हे, चढता येत नाही म्हणून.

तेव्हा तळ्याच्या चारही बाजूंना एकेक जाड नायलॉनचा दोर बांधा. वरचे टोक काठापासून दूर, पक्क्या खांबाला किंवा रोवलेल्या लोखंडी अँगलला असावे. खालचे टोक कागदावरून थेट पाण्यात तळापर्यंत सोडावे. दर फुटाला एक मोठी गाठ मारावी, म्हणजे ओल्या हातात दोर निसटत नाही. जवळच ट्रॅक्टरची हवा भरलेली ट्यूब दोर बांधून टांगून ठेवावी. ट्यूब नसेल तर झाकण घट्ट लावलेला रिकामा प्लॅस्टिकचा कॅन चालेल. कॅन आधी साध्या कामाचा असावा, औषधाचा नको.

आणि घरातल्या प्रत्येकाला एक गोष्ट पाठ करवा. कोणी पडले तर आपण उडी मारायची नाही. आरडाओरडा करायचा, दोर फेकायचा, ट्यूब फेकायची आणि जमिनीवर पालथे पडून ओढायचे. एकाला काढायला दुसरा उतरला तर कागद दुसऱ्यालाही सोडत नाही.

गळ अडकतो कसा

आता गळाकडे वळू. गळाचे टोक आत जाते आणि मागचा उलटा काटा त्याला बाहेर येऊ देत नाही. म्हणजे ज्या दिशेने तुम्ही ओढता त्याच दिशेने तो आणखी रुततो. पोरे नेमके हेच करतात. अडकला की झटका, नाही सुटला की मोठा झटका. बाभळीच्या बुंध्यात थोडासा टेकलेला गळ दोन झटक्यांत पक्का बसतो.

पाण्याखाली अडकायला पुष्कळ काही असते. भीमेवरचे उजनी धरण १९८० साली पुरे झाले. त्याच्या पाण्याखाली जुनी घरे, विहिरी आणि झाडे गेली. उन्हाळ्यात पाणी फार उतरले की पळसदेवचे जुने देऊळ उघडे पडते, हे त्या भागातल्या सर्वांना ठाऊक आहे. तुमच्या गावतळ्याचेही लहान प्रमाणात असेच आहे. बुडालेले कुंपण, काटेरी फांद्या, फाटकी जाळी, पंपाचा पाइप हे सगळे तळाला असते. म्हणून चैत्र-वैशाखात पाणी उतरलेले असताना एकदा तळ नीट पाहून ठेवा. कुठे खोड आहे, कुठे तार आहे ते लक्षात ठेवा. निघेल ते तेव्हाच काढून टाका. पुढे वर्षभराचे गळ वाचतील.

आणखी एक. तलाव ठेक्याने दिलेला असेल तर ठेका घेतलेल्या मच्छीमार संस्थेला विचारल्याशिवाय गळ टाकू नका. त्यांचे पोट त्यावर आहे.

काही न लागता सुटणारा गळ

अडकल्याबरोबर पहिले काम म्हणजे थांबायचे. दोरा सैल सोडा. पुष्कळदा जड शिसे आपल्याच भाराने गळाला मागे खेचते आणि तो सुटतो.

नाही सुटला तर दोरा हलका ताणून धरा, दुसऱ्या हाताच्या बोटांनी एकतारीची तार छेडावी तसा छेडा आणि लगेच ढिला सोडा. असे दहा-पंधरा वेळा करा. हा हादरा खाली पोचतो.

तेही जमले नाही तर जागा बदला. दोरा सैल सोडत काठाकाठाने चालत पलीकडच्या बाजूला जा आणि जिकडून गळ गेला त्याच्या उलट्या दिशेने ओढा. निम्म्या वेळा काम इथेच होते. वाहत्या पाण्यात तर चालावेही लागत नाही. दहा-पंधरा हात दोरा मोकळा सोडायचा. धार त्याला खाली वाहून नेते आणि अडथळ्याच्या पलीकडे त्याची झोळी होते. मग एक झटका दिला की ओढ आपल्या बाजूने न बसता खालच्या बाजूने बसते.

घरच्या घरी तीन हत्यारे

एवढे करूनही सुटला नाही तर हत्यार लागते. दुकानात अशी हत्यारे मिळतात, पण ती घेण्याची गरज नाही. तिन्ही हत्यारे घरात आणि लोहाराकडे होतात.

पहिले हत्यार जुने कुलूप. पाव किलोच्या आसपास वजनाचे, किल्ली शाबूत असलेले. कडीवर गंज असेल तर कानशीने घासून गुळगुळीत करा, नाहीतर ती तंगूस कापील. कुलपाला बारीक पण मजबूत दोरी बांधा. दोऱ्यावर तरंगी असेल तर ती आधी काढा. मग कुलूप उघडून कडीत अडकलेला दोरा घ्या आणि कुलूप लावा. दोरा ताणून धरा आणि कुलपाला त्यावरून खाली घसरू द्या. ते जाऊन आमिषावर आदळते. मग उखळात मुसळ चालवावे तसे चार बोटे वर, पुन्हा खाली, असे करत राहा. प्रत्येक ठोक्याला गळ जिकडून रुतला तिकडेच मागे सरकतो. कुलूप नसेल तर मोटारसायकलचा जुना प्लग जाड तारेच्या कडीत बांधून चालतो. तीन तोंडांचा गळ असेल तर कुलपाला सायकलच्या चेनचे वीतभर दोन तुकडे लोंबते बांधा. चेन गळाच्या तोंडांत गुंतते आणि मग बारीक तंगुसाऐवजी मजबूत दोरीने ओढता येते.

हे हत्यार कुठे चालते ते नीट समजून घ्या. दोरा उभा असेल तिथेच ते चालते. विहिरीच्या काठावरून, पुलावरून, होडीतून. सपाट काठावरून लांब फेकलेल्या गळापर्यंत कुलूप पोचत नाही, मध्येच चिखलात बसते.

दुसरे हत्यार वेळूची काठी. दहा-बारा फूट लांब. तिच्या टोकाला आठ गेजची जाड तार पक्की बांधा आणि पुढे तिला डुकराच्या शेपटीसारखे दीड वेढे द्या. वेढ्यांमध्ये बोट जाईल एवढी फट ठेवा. काठी फिरवली की दोरा या वेढ्यात शिरतो आणि मग सहज निसटत नाही. दोऱ्यावरून काठी पुढे सरकवत गळापर्यंत न्यायची आणि हलकेच पुढे ढकलायचे. काठाजवळचे बहुतेक गळ असे सुटतात. काठी पुरत नाही म्हणून वाकू नका. जिथे काठी पुरत नाही तिथे ही काठी आपल्या कामाची नाही, एवढेच समजायचे.

तिसरे हत्यार आजीचा गळ. विहिरीतली घागर काढायचा तोच. अडकलेल्या गळासकट सारी फांदीच बाहेर काढायची तर याच्यासारखे दुसरे काही नाही. फाटक्या जाळ्यालाही हाच उपाय. गळ अडथळ्याच्या पलीकडे टाकायचा, तळाला टेकू द्यायचा आणि सावकाश ओढायचा. घाई करू नये. घागरीच्या काठाला गळ लागला की जुन्या बायांना दोरातून कळायचे. तसेच इथेही हाताला कळू लागते.

पण हा गळच खाली अडकून बसला तर? त्याला एक युक्ती आहे. दोर वरच्या कडीला न बांधता गळाच्या बुडाशी, जिथे सगळे आकडे एकत्र येतात तिथे पक्का बांधा. मग तोच दोर दांड्यावरून वर आणून कडीला फक्त सुतळीच्या दोन-तीन वेढ्यांनी बांधा. नेहमीची ओढ सुतळी सहन करते. गळ पक्का अडकला आणि जोर लावला की सुतळी तुटते, ओढ बुडाकडून बसते आणि गळ उलटा होऊन मोकळा होतो. नवा गळ करवून घेणार असाल तर लोहाराला दोन सुती सळी वापरायला सांगा आणि बुडाला दोरासाठी एक कडी ठेवायला सांगा.

कागदाच्या तळ्यात लोखंड नको

वरचे तिसरे हत्यार कागदाच्या तळ्यात चुकूनही टाकू नका. ५०० मायक्रॉनचा कागद म्हणजे अर्धा मिलिमीटर जाडी. मासे धरायच्या गळानेही त्याला भोक पडते, मग लोखंडी आकड्यांचे काय सांगावे! गळ कागदात रुतल्यावर झटका दिला तर भोकाची फाट होते. भोकातून पाणी झिरपते, खालची माती भिजते आणि भराव ढिला होतो. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, तशातली ही गत.

खरे सांगायचे तर कागदाच्या तळ्यात गळ टाकूच नये. मासे जाळ्याने काढावेत. तरी गळ अडकलाच तर दोरा कापून मोकळे व्हा, जागा काठावरच्या खुणेने लक्षात ठेवा आणि पाणी उतरल्यावर गळ हाताने काढा. ती जागा धुऊन कोरडी करा आणि त्याच कागदाचे ठिगळ कागद बसवणाऱ्या माणसाकडून लावून घ्या.

तोडायची वेळ आली तर

कधी कधी काहीच चालत नाही. मग दोरा तोडावा लागतो. तंगूस हाताला गुंडाळून कधी ओढू नका, ते बोट हाडापर्यंत कापते. एका लाकडी दांडक्याला चार-सहा वेढे द्या, पाण्याकडे पाठ करा आणि सरळ चालत जा. पाठ का करायची? तंगूस रबरासारखे ताणते. गळ अचानक सुटला तर शिसे आणि गळ गोफणीच्या धोंड्यासारखे उलटे येतात. डोळ्यावर बसले तर डोळा गेला. मागे-पुढे कोणी उभे असेल तर त्यालाही बाजूला करा.

यावर आधीच करायचा उपाय असा. मुख्य दोऱ्यापेक्षा बारीक तंगुसाचा हातभर तुकडा गळाजवळ जोडा. शिसे त्याहूनही कच्च्या दोऱ्याने बांधा. म्हणजे तुटले तरी खालीच तुटते आणि बाकीचा दोरा वाचतो.

तुटलेला दोरा काठावर टाकून येऊ नका. पाणकावळा, बगळा, कासव त्यात गुंततात आणि मरतात. गवताबरोबर तो जनावराच्या पोटातही जातो. गोळा करून घरी आणा, कात्रीने बारीक तुकडे करा आणि कचऱ्यात टाका.

या दोन ठिकाणी हात लावायचा नाही

गळ विजेच्या तारेत अडकला तर दोरा, काठी सारे तिथेच सोडून दूर व्हा. आजच्या महागड्या काठ्यांमध्ये कार्बन असतो आणि त्यातून वीज जाते. ओला वेळूही भरवशाचा नाही. वायरमनला बोलवा. काठी गेली तरी चालेल. तारांखाली मुळात गळ फेकूच नये.

गळ बोटात शिरून उलटा काटा आत गेला तर तो मागे ओढू नका. दोरा कापा, बोट हलवू नका आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. गळ काढून घ्या आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचे विचारा. डोळ्यात किंवा डोळ्याजवळ लागला तर अजिबात हात लावू नका. वरून एक स्वच्छ वाटी किंवा कप, डोळ्याला न टेकता, पालथा धरा आणि थेट डॉक्टरकडे न्या.

शेवटी

पोरांना मासे धरू नका असे मी म्हणणार नाही. आम्हीही शेणाच्या ढिगातली गांडुळे काढून ओढ्यावर बसलो आहोत. पण पोराच्या हातात गळ देताना घरातल्या वडीलधाऱ्यांनी एक वाक्य त्याच्या कानात घालावे. "गेला तर जाऊ दे. मी रागावणार नाही." दिवाळीतला पोरगा अडीचशे रुपयांसाठी पाण्यात उतरला नव्हता, मामाच्या रागासाठी उतरला होता. ती भीती आपण काढून घेतली की निम्मे काम झाले. बाकीचे निम्मे दोर करील.

या आठवड्यात पुन्हा त्या घरी जाऊन आलो. तळ्याला चारही बाजूंनी गाठी मारलेले दोर लागले आहेत. ट्यूब खांबाला टांगली आहे. ओसरीतल्या खुंटीवर आजीचा जुना गळ लोहाराकडून नीट होऊन आला आहे आणि त्याच्या शेजारी दोरी बांधलेले एक कुलूप आहे. मामाने आणलेला मासा मात्र अजून तळाशीच आहे. पोरगा रोज पाण्याची पातळी बघतो.

"वैशाखात पाणी उतरंल तवा काढू," आजी म्हणाली. "त्याला कसली घाई?"

पुढच्या आठवड्यात पेरणीपूर्वी घरच्या बियाण्याची उगवण कशी तपासायची ते पाहू.